न वाचलेल्या कादंबरीचें अध्यापन

कादंबरी हा वाङ्मयप्रकार आमच्या महाविद्यालयांतून मोठ्या थाटानें शिकविला जातो, आणि तो शिकून पदवी घेणाऱ्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनीं एकही कादंबरी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेली नसते. हें विधान आम्ही लेखाच्या आरंभींच करून टाकतों. कोणास तें अतिशयोक्तीचें वाटेल, कोणास उद्धटपणाचें वाटेल. आमच्या व्यवसायबंधूंपैकीं कांहींस तें घरचें उणें चारचौघांत उघडें करणारें वाटेल. त्या सर्वांस आमची एवढीच विनंति कीं, त्यांनीं उद्यां आपल्या वर्गांत जावें, हजेरी झाल्यावर नेमलेली कादंबरी पुरी वाचलेल्यांस हात वर करावयास सांगावें, आणि त्या हातांची मोजदाद करून मग खुशाल आमच्यावर शस्त्र उगारावें.

दुसऱ्याच्या डोळ्यांतील कुसळ दाखविण्यापूर्वीं आपल्या डोळ्यांतील मुसळ दाखविलेलें बरें. कांहीं वर्षांपूर्वीं एम्. ए. च्या तोंडी परीक्षेस बहिःस्थ परीक्षक म्हणून एका महाविद्यालयांत जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ नेमलेली होती. एक विद्यार्थिनी समोर येऊन बसली. मुलगी हुशार, बोलणें स्वच्छ, मागील सर्व परीक्षांत पहिला वर्ग. यमूच्या स्वभावाविषयीं विचारतांच तिनें न अडखळतां उत्तर दिलें: यमू सोशिक आहे, सालस आहे, जिज्ञासु आहे, पतिनिष्ठ आहे, आणि इतकें असून तिच्या अंगीं एक मूक बंडखोरी आहे, अशी ही यमूच्या स्वभावाची पंचारती होय. ‘पंचारती’ हा शब्द कानीं पडतांच आम्ही खुर्चींत सरळ होऊन बसलों. मग विचारलें, “ही सगळी हकीकत सांगतें कोण?” उत्तर आलें, “हरिभाऊ आपटे.” “तें झालें. पण कादंबरींत कोण सांगतें?” मुलगी थांबली. कांहीं वेळानें ती जें म्हणाली त्याबद्दल आम्हांस तिचा आजही आदर वाटतो. ती म्हणाली, “सर, मी पुस्तक वाचलेलें नाहीं. नोट्स वाचल्या आहेत.”

त्या नोट्स आमच्या होत्या. पंचारतीचा तो अलंकार आम्हींच ऐन उमेदींत, व्यासपीठावर उभें राहून, स्वतःवर खूष होऊन एका वर्गास सांगितला होता. तो कोणा विद्यार्थ्याच्या वहींतून टंकलिखित प्रतींत, तेथून झेरॉक्सच्या दुकानांत, आणि तेथून मोबाईलच्या पडद्यावर असा वीस-पंचवीस वर्षें प्रवास करीत करीत एका परक्या गांवच्या परीक्षेंत आमच्यासमोर येऊन उभा राहिला. मुलीस आम्हीं चांगले गुण दिले. न देऊन करतों काय? उत्तर आमच्याच उत्तराबरहुकूम होतें.

त्या नोट्समध्यें काय होतें तें सांगितलें म्हणजे रोगाचें स्वरूप ध्यानांत येईल. आरंभीं कादंबरीची व्याख्या. मग कथानक, पात्रें, संवाद, वातावरण, निवेदनपद्धति आणि भाषाशैली असे सहा घटक. प्रत्येक घटकाखालीं नेमलेल्या पुस्तकांतून उचललेलीं दोन-दोन उदाहरणें. आणि शेवटीं ‘म्हणून ही कादंबरी यशस्वी ठरते’ हा निकाल. ही सामग्री आम्हीं कांहीं आकाशांतून आणली नव्हती. १९२७ सालीं ई. एम्. फॉर्स्टर यांनीं केंब्रिज येथें कादंबरीवर जीं व्याख्यानें दिलीं त्यांतील सपाट पात्रें व भरीव पात्रें हा भेद आम्हीं घेतला. १९३१ सालीं प्रो. ना. सी. फडके यांचें ‘प्रतिभासाधन’ प्रसिद्ध झालें, त्यांतून तंत्राची परिभाषा घेतली. या दोन्ही ग्रंथांविषयीं आमचें मन अजूनही कृतज्ञ आहे. परंतु फॉर्स्टरसाहेब बोलत होते तें कादंबऱ्या वाचणाऱ्या मंडळींपुढें, आणि फडके लिहीत होते तें कादंबऱ्यांच्या रसिकांसाठीं व त्या लिहूं पाहणाऱ्यांसाठीं. जेवून उठलेल्या माणसाशीं स्वयंपाकाच्या चवीची चर्चा करणें वेगळें, आणि उपाशी माणसाच्या हातीं पाककृतीचा कागद देऊन त्यास ढेंकर द्यावयास लावणें वेगळें. आम्हीं दुसरें केलें. आणि ढेंकर चांगला आला तर त्यास पहिला वर्गही दिला.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. कादंबरीचें रूप शोधावयाचें तर तें तिच्या लांबींत शोधलें पाहिजे. सुनीत चौदा ओळींत संपतें, नाटक एका रात्रींत संपतें. कादंबरी मात्र वाचकाच्या आयुष्यांतील कांहीं दिवस मागून घेते, आणि त्या दिवसांत वाचक काय विसरतो, काय आठवतो, कोणाविषयींचें त्याचें मत कसें पालटतें, यावरच तिची सारी रचना उभारलेली असते. तिचा सारांश म्हणजे तीच वस्तु लहान आकारांत, असें होत नाहीं. तेथें ती वस्तुच नाहींशी होते. शितावरून भाताची परीक्षा होते हें खरें, पण एका चिऱ्यावरून वाड्याची होत नाहीं.

‘पण लक्षांत कोण घेतो?’ मधील केशवपनाचाच प्रसंग घ्या. उतारा म्हणून वेगळा काढावयास तो फार सोयीचा आहे. एकटा वाचला तर त्याची किंमत एका दुष्ट रूढीच्या वर्णनाइतकीच राहते; विद्यार्थी क्षणभर हळहळतो आणि ‘त्या काळची समाजस्थिति’ या मथळ्याखालीं त्याची नोंद करून मोकळा होतो. परंतु ज्यानें त्याआधीं शेंकडों पानें यमूच्या सोबत काढलीं आहेत. तिचें भावाबरोबरचें लहानपण, तिचें लग्न, सासरचा जाच, रघुनाथरावांबरोबर मुंबईस थाटलेला तो अल्पकाळचा संसार, हें सारें ज्यानें तिच्याच तोंडून, तिच्याच घरगुती मराठींत ऐकलें आहे, त्यास तो प्रसंग वाचवत नाहीं. आणि मग त्याच्या ध्यानांत एक भयंकर गोष्ट येते. पहिल्या पानापासून ही बाई बोलत होती ती हें सर्व होऊन गेल्यानंतर बोलत होती! बालपणींच्या खोड्या ती हंसत हंसत सांगत होती तेव्हां तिला पुढचें सगळें ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें आपल्याला. हें एकदां अंगावर आलें म्हणजे मागील पानांचा रंगच बदलतो, आणि पुस्तक पुन्हां उघडावेंसें वाटतें. निवेदनपद्धतीचा अभ्यास तो हा. ‘प्रथमपुरुषी निवेदन’ या दोन शब्दांत तो वहींत उतरवून देतां येत नाहीं, आणि आम्हीं पंचवीस वर्षें तेवढेच दोन शब्द उतरवून दिले.

ज्या ग्रंथावरून आम्हीं या वाङ्मयप्रकाराचें नांव घेतलें त्या ग्रंथाचाच या बाबतींत गमतीचा दाखला आहे. बंगाली व हिंदी भाषिकांनीं ‘उपन्यास’ म्हटलें, गुजराती भाषिकांनीं ‘नवलकथा’ म्हटलें. आम्हीं आणि आमच्या कानडी बंधूंनीं बाणभट्टाच्या नायिकेचें नांव उचललें. तेथें शूद्रक राजाच्या सभेंत आणलेला पोपट कथा सांगूं लागतो. ती कथा त्यानें जाबालि ऋषींच्या तोंडून ऐकलेली असते. तींत महाश्वेता आपली कथा सांगते. आणि इतकीं दारें ओलांडल्यावर मग कोठें कादंबरी दृष्टीस पडते. जो आरंभींचा उतारा वाचून ‘कादंबरी’ शिकेल त्यास कादंबरी भेटणारच नाहीं. बाणाच्या हातून तो ग्रंथ पुरा झाला नाहीं, मुलानें तो पुरा केला, असें सांगतात. आमच्या विद्यार्थ्यांच्या हातून कोणताच ग्रंथ सुरू होत नाहीं. मग पुरा करण्यास कोणाचा मुलगा येणार?

लांबीसही इतिहास असतो, आणि तो शिकविण्यासारखा आहे. डिकन्सची ‘पिक्विक पेपर्स’ १८३६-३७ मध्यें महिन्यास एक शिलिंगाचा एक भाग अशी निघाली. तीन खंडांच्या कादंबरीचा जो साचा इंग्लंडांत पुष्कळ वर्षें चालला तो मूडीच्या ग्रंथालयासारख्या वर्गणीच्या ग्रंथालयांच्या सोयीनें चालला. एकच पुस्तक एका वेळीं तीन घरीं फिरवितां येई. १८९४ सालीं त्या ग्रंथालयांनींच पाठ फिरविली आणि तो साचा थोड्याच वर्षांत मोडला. आपल्याकडे गुंजीकरांची ‘मोचनगड’ ‘विविधज्ञानविस्तारा’तून क्रमशः आली. हरिभाऊंनीं १८९० सालीं ‘करमणूक’ हें साप्ताहिक काढलें. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ त्यांतून तुकड्यातुकड्यांनीं घरोघरीं गेली, आणि १८९३ सालीं पुस्तकरूपानें निघाली. म्हणजे यमूचें दुःख त्या वेळच्या कुटुंबांनीं दीर्घकाळ घरांत वागविलें, दोन अंकांच्या मधल्या दिवसांत त्याची चर्चा केली, पुढें काय होणार याची धास्ती घेतली. आमचा विद्यार्थी तेंच दुःख परीक्षेच्या आदल्या रात्रीं अर्ध्या पानांत उरकतो.

येथें कोणी म्हणेल कीं, हीं तुमच्या वेळचीं रडगाणीं झालीं. तंत्राचा आणि घटकांचा जमाना गेला. आतां स्त्रीवाद, देशीवाद, उत्तर-आधुनिकता अशा नव्या दृष्टींनीं अभ्यास चालतो. चालतो खरा, आम्ही उत्तरपत्रिका तपासतों. पूर्वीं जेथें ‘हें पात्र भरीव आहे’ असें लिहीत तेथें आतां ‘नायक परात्मतेच्या जाणिवेनें ग्रस्त आहे’ असें लिहितात. बरणीवरची चिठ्ठी बदलली. झांकण कोणी उघडलें नाहीं. ‘कोसला’ १९६३ सालीं प्रसिद्ध झाली, आणि तेव्हांपासून तिच्यावर वादांचीं जितकीं लेबलें लागलीं तितकीं क्वचितच दुसऱ्या मराठी कादंबरीवर लागलीं असतील. लागोत बापडीं. पांडुरंग सांगवीकराची धाकटी बहीण मरते तीं पानें संपल्यावर पुढचें पान उलटण्यास ज्यास थोडा वेळ लागला नाहीं, त्यानें परात्मतेविषयीं न बोललेलेंच बरें.

आतां नेहमींचा आक्षेप: वेळ कोठें आहे? हिशेबच करूं. सध्यांच्या श्रेयांकपद्धतींत एका श्रेयांकास १५ तास, म्हणजे ४ श्रेयांकांच्या विषयास सत्रांत ६० तास मिळतात. कादंबरीचें छापील पान मोठ्यानें, घाई न करतां वाचावयास दोन-अडीच मिनिटें लागतात; आम्हीं घड्याळ लावून पाहिलें आहे. ४०० पानांची कादंबरी म्हणजे फार तर १००० मिनिटें, सुमारें १७ तास. उरले ४३. सुट्या, संमेलनें, निवडणुकीचीं कामें आणि परीक्षांच्या परीक्षा यांत २० गेले असें धरलें तरी २३ शिल्लक राहतात. त्या २३ तासांत खुशाल सपाट आणि भरीव करा! वेळ आहे, आम्हीं तो सहा घटकांस वांटून टाकला आहे.

दुसरा आक्षेप असा कीं, हल्लींचीं मुलें वाचीतच नाहींत, त्यांच्या हातीं मोबाईल आला. आम्ही उलट विचारतों, त्यांनीं वाचावें कशाला? ज्या परीक्षेंत न वाचणाऱ्यास पहिला वर्ग मिळतो आणि वाचणाऱ्यास त्याहून एक गुणही अधिक मिळत नाहीं, उलट नोट्सबाहेरचें कांहीं लिहिल्यामुळें एखादा कमीच होतो, त्या परीक्षेंत न वाचणें हें व्यवहारज्ञान होय. मोबाईल येण्यापूर्वींही आमचे विद्यार्थी ‘अपेक्षित’ वाचूनच उत्तीर्ण होत होते. आणि या मासिकाचे वाचक सुशिक्षित कुटुंबांतील आहेत म्हणून त्यांसही एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. मुलगी दुपारीं पडल्या पडल्या नेमलेली कादंबरी वाचतांना दिसली तर “अभ्यासाला बस” म्हणून तिला उठविणारे आईबाप, त्याच कादंबरीवरचें गाईड वाचतांना दिसली तर चहा नेऊन देतात. एके काळीं कादंबऱ्यांनीं मुलें बिघडतात अशी वडीलधाऱ्यांची समजूत होती. ती खुळी होती. पण कादंबरी माणसाला कांहीं करूं शकते एवढें तरी ती मानीत होती.

वर्गांत वाचून दाखविणें हें शाळामास्तरांचें काम, प्राध्यापकाचें नव्हे, असें आमच्या एका वडील स्नेह्यांनीं सांगितलें. ज्या महाराष्ट्रांत एकानें पोथी वाचावी आणि दहांनीं ऐकावी ही रीत एके काळीं घरोघरीं दिसे, तेथें वाचून दाखविण्यांत कमीपणा कसला तें आम्हांस कळत नाहीं. व्याख्यान देतांना आम्ही दिसतों, वाचतांना लेखक दिसतो. खरी अडचण तेवढीच असावी.

गेल्या वर्षीं आम्हीं ती जुनी फाईल अखेर बांधून ठेवली, आणि विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ वर्गांत वाचावयास घेतली. १९३९ सालची ही लहानशी कादंबरी. युरोपांतून पूर्वेकडे निघालेल्या बोटीवर भेटलेला चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आणि हेर्टा ही जर्मनींतून परागंदा झालेली ज्यू तरुणी, यांची कथा. पहिल्या दोन तासांस निम्मा वर्ग गैरहजर होता. नोट्स मिळणार नाहींत ही बातमी पसरली होती. चौथ्या कीं पांचव्या तासास वाचतां वाचतां आमच्या हातून एक ओळ सुटली, आणि पाठीमागें खिडकीबाहेर पाहत बसलेल्या एका मुलानें बसल्या जागेवरून ती भरून दिली. तो घरीं पुढें वाचून आला होता. आम्हीं न ऐकल्यासारखें करून पुढें वाचीत राहिलों, पण त्या दिवशीं आमचा आवाज जरा चढला असावा. सगळेच वाचूं लागले असें नव्हे. पांच-सहा जण शेवटपर्यंत आले नाहींत, आणि एका मुलीनें हा नायक आपल्याला मुळींच आवडत नाहीं असें रोखठोक सांगितलें. गाईडवर विसंबलेल्या विद्यार्थ्यास नायक आवडत नाहीं असें कधीं होत नाहीं.

शेवटाकडे हेर्टाचीं पत्रें येतात. तीं वाचून झाल्यावर बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग तीच मुलगी म्हणाली, “सर, आतांपर्यंत ती जें जें बोलली तें सगळें त्यानें आपल्याला सांगितलेलें आहे. पत्रांत ती पहिल्यांदा स्वतः बोलते. मग बोटीवर ती खरी कशी होती हें आपल्याला कळलें का?” आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आम्हीं पुस्तक मागें उलटलें आणि पुढचे दोन तास सारा वर्ग बोटीवरचीं संभाषणें पुन्हां वाचीत बसला. हेर्टाचे शब्द कोणते आणि विध्वंसाची नजर कोणती याची छाननी करीत, भांडत. सहा घटकांपैकीं कोणत्या घटकाखालीं हा प्रश्न बसतो तें आमच्या व्यवसायबंधूंनीं कळवावें. आम्हीं शोधून पाहिलें, सांपडला नाहीं.

मात्र परीक्षा आहे तशी राहिली तर हें सर्व एका म्हाताऱ्या प्राध्यापकाचा छंद म्हणून निभावेल आणि त्याच्या निवृत्तीबरोबर संपेल. म्हणून आम्हीं एका अभ्यासमंडळापुढें लेखी सूचना ठेवली. सत्रास एकच कादंबरी नेमावी. ती वर्गांत पुरी वाचली जावी. परीक्षेंत ती उमेदवाराच्या हातीं द्यावी, आणि प्रश्न असा विचारावा कीं, ज्यानें ती आधीं वाचलेली नाहीं त्यास तीन तास चाळूनही उत्तर मिळूं नये. नमुन्यादाखल एक प्रश्नही आम्हीं जोडला होता. बाबा पद्मनजींच्या ‘यमुनापर्यटना’चें साल १८५७ हें प्रत्येक विद्यार्थ्यास पाठ असतें. तें विचारूं नये. असें विचारावें कीं, पद्मनजींची यमुना प्रवासांत इतर विधवांच्या कहाण्या ऐकत जाते, आणि पुढील पिढींत हरिभाऊंची यमू स्वतःचीच कहाणी स्वतः सांगूं लागते. दोन्ही पुस्तकें समोर ठेवून या बदलानें वाचकाची जागा कशी बदलली तें दाखवा.

एका सभासदांनीं शंका काढली, “पण पुस्तक हातीं दिलें तर विद्यार्थी त्यांत बघून लिहितील!” आम्हीं म्हटलें, “साहेब, त्यांनीं एकदां तरी त्यांत बघावें म्हणूनच हा खटाटोप आहे.” मंडळी हंसली. कार्यवृत्तांत ‘चर्चा झाली’ अशी नोंद झाली आणि विषय पुढील बैठकीवर गेला. ती बैठक जूनमध्यें आहे.

तोंपर्यंत येत्या सत्रासाठीं आम्ही ‘पण लक्षांत कोण घेतो?’ च्या प्रती जमवीत आहों. वर्ग ४० जणांचा आहे आणि प्रती १२ मिळाल्या आहेत. त्यांतील दोघींचीं शेवटचीं पानें फाटलेलीं आहेत. ज्या वाचकांच्या घरीं आजीच्या वेळची एखादी प्रत कपाटांत पडून असेल त्यांनीं ती या मासिकाच्या पत्त्यावर पाठविल्यास सत्र संपतांच साभार परत करूं. पाठविण्यापूर्वीं शेवटचीं पानें आहेत ना, तेवढें पाहून घ्यावें.